एकाचे दोन व्हायचे होते

मांजरी गावातल्या त्या नव्या सोसायटीत सलवार शिवायला टाकायची तर फरहतकडेच, असं बायका म्हणत. पण आज तिचं मशीन गप्प होतं. सकाळीच तिच्या सासूनं, अख्तरबानूंनी, कात्री उचलून तांदळाच्या डब्यात टाकली होती.

"आज कापाकापी नको. तुझं बीज तिकडं काचेत आहे. इथं कात्री चालली की तिथं फाटायचं."

फरहतनं वाद घातला नाही. वाद घालायला अंगात जोर लागतो, आणि तो इंजेक्शनांनी कधीच खाऊन टाकला होता. काल सकाळी डॉक्टरांनी तिची बीजं काढून नवऱ्याच्या, नासिरच्या, बीजाशी मिळवली. ही तिसरी खेप. यानंतर नाही, असं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. आज कळलं, एकच बीज फळलंय. आता दुपारपर्यंत त्या एका पेशीच्या दोन व्हायला हव्यात.

मागच्या खेपेला घोडं तिथंच अडलं. लॅबच्या शर्मिलाताईंनी तेव्हा समजावलं होतं. आतला ऐवज आधी दोन्हीकडं वाटला जातो, बारीक दोरे तो ओढून नेतात. मग पेशीच्या मधोमध, सालीच्या आतल्या अंगानं, एक कडं आवळत जातं. पेशीला कंबर येते, ती खोल खोल जाते आणि शेवटी दोघी सुट्या होतात.

"तुमच्या बीजात वाटणी झाली, पण कडं मध्येच सैल पडलं. कंबर भरून आली. पुन्हा एकच गोळा."

"म्हणजे सलवारीची नाडी सुटली," फरहत म्हणाली होती.

"तसंच म्हणा."

दुपार कलली तरी फोन नाही. अख्तरबानूंच्या हातातली तसबीहची माळ सकाळपासून थांबली नव्हती.

"नक्की काय व्हायचंय गं त्याचं?"

"दोन व्हायचेत, अम्मी."

"दोन तुकडे?"

"हो. तुटल्याशिवाय ते पुढं जात नाही."

म्हातारीची बोटं थबकली. "आणि मी पहाटे फजरच्या नमाजापासून मागतेय, अखंड राहू दे म्हणून."

"तुम्हाला काय म्हणायचंय ते अल्लाहला कळतं."

"कळतं गं त्याला. पण शब्दाला शब्द ऐकलं तर?"

फरहतला हसू आलं, ते ओठांपर्यंत पोचलं नाही. अम्मी उठल्या, हातपाय-तोंड धुऊन नव्यानं वुजू केलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात दुआ दुरुस्त करत बसल्या.

दिवस उतरताना, असरच्या नमाजाच्या सुमारास, फोन वाजला. "झाल्या," शर्मिलाताई म्हणाल्या. "दोन्ही सारख्या. कवच तेवढंच, आत आता दोघी आहेत."

"बरं," एवढंच फरहतच्या तोंडून निघालं. ती मशीनवर हात टेकून बसली.

"आता काय मागू?" अम्मींनी विचारलं.

"उद्या चार."

"मग?"

"मग आठ."

"आणि थांबायचं कधी?"

फरहतचं डोकं हातांवर कलंडलं होतं. तिला झोप लागली होती. अम्मींनी पंखा एक नंबर कमी केला आणि उद्याच्या चार पेशींसाठी तसबीह पुन्हा हातात घेतली.