टिकलीखालचा दिवा

माझी आधीची गाडी कार्ब्युरेटरची होती. वाटेत बंद पडली की मी प्लग काढून घासायचो, जेटमध्ये तोंडानं फुंकायचो, आणि ती मुकाट्यानं चालू व्हायची. धसई-मुरबाड पॅसेंजर मारणाऱ्यांत आपल्याएवढं इंजिन कुणाला कळत नाही, अशी माझी मिजास होती. पुढं कंप्युटरवर चालणारी इंजेक्शनची जुनी व्हॅन घेतली, तरी ती मिजास उतरली नाही.

दसऱ्याला मी पुढची सीट उचलली आणि पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून इंजिनावर पाण्याचा सणसणीत फवारा मारला. जुन्या गाडीला दरवर्षी असाच मारायचो. वहिनीनं हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी चालू झाली, पण मीटरच्या काचेमागचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा काही विझेना.

"तो दिवा कसला, भाऊजी?"

"काय नाय वहिनी. या इंजेक्शनच्या गाड्या उगाच बोंबलतात. पॅसेंजर घाबरतील पण. टिकली हाय का एखादी?"

तिनं हसत कपाळावरचीच काढली आणि स्वतःच्या हातानं दिव्यावर चिकटवली. दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "घ्या, गाडी पण सवाशीण झाली!" आम्ही सगळे हसलो.

पुढं इंजिन तापलं की गाडी मधूनच झटका द्यायची. मी पेट्रोलला शिव्या घालायचो.

भातकापणीत भर दुपारी भारा बांधताना दादाच्या हाताला घोणस चावली. मी त्याला आणि वहिनीला व्हॅनमध्ये घातलं आणि मुरबाडच्या दवाखान्याकडं सुटलो. धसई मागं टाकली आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन बंद पडलं. स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हतं.

मी सीट उचलून प्लग काढायला बसलो. मला तेवढंच येत होतं.

"सोड ते," दादा म्हणाला. "दुसरी गाडी बघ रे."

"दोन मिनटं दादा. आता होईल चालू."

त्या वेळात दोन टेम्पो गेले. मी हात केला नाही. माझी गाडी बंद पडलीय हे मला त्यांना दाखवायचं नव्हतं. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. दादाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा वहिनीच रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं तिसरी गाडी अडवली. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले की वेळ फार गेलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला.

दादाचं दिवसकार्य झाल्यावर व्हॅन ओढून शहापूरला नेली. तिथल्या मेकॅनिकनं स्टेअरिंगखाली वायर जोडून हातातल्या मशीनवर वाचलं. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, किती फिरला याची खबर एक सेन्सर गाडीच्या कंप्युटरला देतो. त्या खबरेवरून कंप्युटर पेट्रोल कधी सोडायचं, ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. खबर थांबली की दोन्ही बंद. त्यानं सेन्सरचा जोड उघडून दाखवला. आत पाणी जाऊन हिरवा गंज धरला होता. त्यानं ब्रशनं तो साफ केला आणि गाडी पहिल्याच चावीला चालू झाली.

"याचा दिवा कधीपासून लागत होता?" त्यानं विचारलं. मी खिशातून पैसे काढून मोजायला लागलो.

घरी आलो तर वहिनी अंगणात होती. कपाळ मोकळं. ती व्हॅनजवळ आली, खिडकीतून आत वाकून तिनं बघितलं. टिकली तिथंच होती.

"भाऊजी, गाडी बंद पडली, तो दिवा त्याचाच होता का हो?"

"नाय वहिनी. तो निराळा."

तिनं मान हलवली आणि आत गेली. खरं सांगितलं असतं तर तिनं त्या टिकलीचा दोष जन्मभर स्वतःच्या हाताला दिला असता, म्हणून मी खोटं बोललो, असं मी मनाला समजावतो. पण तोंड उघडलं तेव्हा मला तिच्यासाठी नाही, माझ्यासाठीच भीती वाटली होती.