कासवाची दोन घरं

कसबा बावड्यात आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. अठ्ठावीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. प्राण्यांचे धडे म्हणजे तर माझा हातखंडा. सरपटणारे प्राणी शीतरक्ताचे असतात, ऊब त्यांना बाहेरून घ्यावी लागते, हे वाक्य मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की झोपेतसुद्धा लिहीन. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे केलं त्यावर मला अज्ञानाचं पांघरूण घालता येणार नाही.

वास्तुशांतीला माझा मेहुणा, बायकोचा भाऊ, सीमेकडच्या त्यांच्या गावाहून आला. बाकीचे पाहुणे घड्याळं आणि गणपतीच्या फ्रेमा घेऊन आले, यानं बांबूची बुट्टी आणली. वरचं फडकं काढलं तर आत वीतभर लांबीचं कासव. काळी पाठ आणि त्यावर पिवळ्या चांदण्या.

"दाजी, लोकं पितळंचं ठेवत्यात. तुमच्या घरात जितं असूं दे की. भरभराट हुती," तो म्हणाला. भुईमुगाच्या रानात बांधाकडेला सापडलं होतं त्याला.

आमच्याकडं पुष्कळ घरांत पितळेचं कासव असतं. ताटलीत पाणी घालायचं, त्यात ते ठेवायचं, तोंड उत्तरेकडं. मी स्वतः वर्गात अशा गोष्टींची टिंगल केलेली आहे. पण स्वतःचं घर झालं की माणूस जरा मऊ होतो. शेजाऱ्यांकडं माशांची रिकामी काचपेटी पडून होती. ती मागून आणली, हॉलच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवली. खाली रंगीत खडे, चार बोटं पाणी, मध्ये एक दगड, प्लास्टिकचं झाड आणि वर निळा दिवा. पितळेच्या कासवाला जे चालतं ते जिवंत कासवाला चालणारच. विज्ञानाच्या मास्तराचं हे डोकं.

कासव दिवसभर त्या दगडावर चढून मान उंच करून उभं असायचं. आलेल्या-गेलेल्यांना मी सांगायचो, "बघा, कसं ताठ मानेनं तुमच्याकडं बघतंय." लोक फोटो काढायचे. ते बिचारं नाक पाण्याबाहेर ठेवत होतं. रोज सकाळी उठून मी त्याचं तोंड उत्तरेला करायचो. तासाभरानं ते बाल्कनीच्या दिशेला वळलेलं असायचं, कारण ऊन तिकडून यायचं. मी पुन्हा फिरवायचो. हे मी कितीतरी दिवस केलं, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की त्याला काही सांगायचं असेल.

बायकोच्या मात्र तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं. ती रानात वाढलेली. त्या वेळी माझे दोन जुने सहकारी चहाला आले होते. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "अहो, ह्ये पाण्यातलं न्हाय. आमच्याकडं ही कुंपणात असत्यात, गवतात. हिरीत कदी बघितली न्हाईत."

तिचं म्हणणं ऐकून घ्यायला काय झालं होतं? पण माणसं बसली होती ना समोर. मी म्हणालो, "विज्ञान कोण शिकवत होतं, तू का मी?" सहकारी हसले. तीही थोडी हसली आणि आत गेली. पुन्हा महिनाभर तिनं त्या पेटीबद्दल शब्द काढला नाही. मी त्याला दूधभात घालत राहिलो, कधी पाव. त्यानं तोंड लावलं नाही की म्हणायचो, उपास असेल. एवढे फालतू विनोद मी वर्गातही केले नव्हते.

थंडी पडली. एके दिवशी बायकोनंच मला हाक मारून दाखवलं. कासवाचे डोळे सुजून मिटले होते, नाकातून बुडबुडे येत होते. पाठीवर बोट दाबलं तर कडेला किंचित दबत होतं. कवच दबतंय म्हणजे हाडं मऊ पडलीत, हे मला कळलं. ते मरायला लागलं होतं आणि ते माझ्यामुळं.

मी मोबाईलवर शोधायला बसलो. पहिल्यांदा दिसलं की हे जमिनीवरचं कासव, कोरड्या माळरानातलं. आणि लगेच खाली दिसलं की हे घरात ठेवणं गुन्हा आहे. खरं सांगतो, पहिल्या ओळीपेक्षा दुसऱ्या ओळीनं मला जास्त घाम फुटला. पेपरात 'निवृत्त शिक्षकाच्या घरी' असं छापलेलं डोळ्यांपुढं आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. डॉक्टरकडं जायचं मी टाळलं. बायकोला म्हणालो, "आधी त्याला नीट जागा करू. जागा नीट झाली की आपोआप सुधारेल."

मग दुसरं घर केलं. ते मात्र मन लावून केलं, हे मला म्हणू द्या. पेटी रिकामी करून परत दिली. उचगावच्या एका सुताराकडून चार फूट लांब, दोन फूट रुंद, वीतभर उंच कडांची लाकडी पेटी करून घेतली. वर झाकण नाही, काच नाही. काचेतून येणारं ऊन त्याच्या हाडांच्या उपयोगाचं नसतं, हेही मला आधी माहीत असायला हवं होतं. पेटी बाल्कनीच्या दारात ठेवली, सकाळचं ऊन थेट आत पडेल अशी. तळाला बायकोनं चाळून वाळवलेली तांबडी माती पसरली, अर्ध्या भागात भाताचा पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, टाकला. एका टोकाला पिवळा बल्ब टांगला, दुसरं टोक गार ठेवलं, म्हणजे ऊब हवी का सावली ते त्याचं त्याला ठरवता येईल. लपायला जुनं कौल पालथं घातलं. पाण्याला मातीची उथळ परळ, मान बुडणार नाही इतकीच. दूधभात बंद केला. हराळी, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं बायको रोज खालून तोडून आणायची. यातलं निम्मं तिनं सुचवलं, आणि सुचवताना प्रत्येक वेळी "तुमाला बरं वाटत असलं तर" असं म्हणाली.

कासवाला मातीवर सोडलं तेव्हा ते बराच वेळ हललंच नाही. मग नाक मातीला लावलं आणि चालायला लागलं. मिटल्या डोळ्यांनी कडेला धडकत, वळत, पुन्हा धडकत. आमच्या घरात आल्यापासून ते चाललेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी तिथंच खाली बसलो. मला फार लाज वाटली. एवढं साधं होतं. माती, ऊन आणि थोडी वाट.

पण लाज वाटून कोणी बरं होत नाही. आठवडा गेला तरी डोळे उघडेनात. पाल्याला तोंड लावेना. बायको रोज म्हणायची, "डॉक्टरला दावूया की." मी म्हणायचो, उद्या. नवव्या दिवशी तिनं भाजीच्या पिशवीत टॉवेल अंथरला, कासव त्यात ठेवलं आणि चपला घातल्या. "तुमी येताय?" तिनं विचारलं.

"गुडघा धरलाय माझा," मी म्हणालो. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. तिनं एकदा गुडघ्याकडं बघितलं आणि रिक्षानं एकटी गेली.

जनावरांची ती डॉक्टर म्हणजे माझीच विद्यार्थिनी. बायको दुपारी परत आली, कासव पेटीत ठेवलं, आणि पाला निवडायला बसली. संध्याकाळी डॉक्टरचा मला फोन आला. बायको समोरच होती.

"सर, सुया दिल्यात, डोळ्यांत घालायचं औषध दिलंय. रोज आणा. वाचेल असं वाटतंय," ती म्हणाली. "वनखात्याला मी कळवलंय. औषध पुरं झालं की त्यांच्या ताब्यात द्यायचं. स्वतःहून आणून दिलंय, त्यामुळं काळजी करू नका. पण सर, तुम्ही घरात असताना ते पाण्यात कसं राहिलं? काकू म्हणाल्या, 'सर नको नको म्हणत होते, मीच पाण्यात ठेवलं. मीच ऐकलं न्हाय.'"

मी बायकोकडं बघितलं. तिचे हात चालूच होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. अगं, उलटं आहे, ती सांगत होती आणि मी ऐकलं नाही. एवढंच. वर्गात खोटं बोललेल्या पोरांना मी बाकावर उभं केलंय.

"काय करणार," मी फोनवर म्हणालो. "सांगितलं होतं तिला."

फोन ठेवला. बायकोनं विचारलं, "औषध डोळ्यात किती वेळा घालायचं म्हणाली?" मी म्हणालो, तीनदा. ती म्हणाली, बरं.

त्या दिवसापासून कितीदा तरी मी तिच्याशी बोलायचं ठरवलं. ती रोज तीनदा कासवाचं डोकं दोन बोटांत हलकेच धरायची, मी थेंब टाकायचो. आमची डोकी जवळ यायची. बोलायला याहून चांगली वेळ नव्हती. मी औषधाची तारीख वाचत बसायचो. तीन आठवड्यांनी कासवानं एक डोळा उघडला, मग दुसरा. जास्वंदीची पाकळी त्यानं ओढून खाल्ली तेव्हा बायको तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टर म्हणाली, कवच टणक व्हायला पुष्कळ महिने जातील, पण जगेल.

द्यायच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. गुडघा तोवर बरा झाला होता. दवाखान्यात वनखात्याचे एक साहेब कागद घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, कासव कुणी ठेवलं होतं. बायको म्हणाली, "मी." साहेब समजुतीनं म्हणाले, "बाई, असं करू नये. घरात एवढी शिकलेली माणसं हायत, त्यांचं ऐकावं."

"व्हय, चुकलं माझं," ती म्हणाली आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली.

मग डॉक्टरनं माझी ओळख करून दिली. "हे आमचे सर. प्राण्यांवर प्रेम करायला यांनीच शिकवलं आम्हाला. यांनी घरी पेटी करून दिली म्हणून जगलं हे." साहेबांनी उठून मला नमस्कार केला. खोलीत खुर्ची एकच रिकामी होती. डॉक्टरनं ती माझ्यासाठी पुढं ओढली. बायको रिकामी पिशवी हातात धरून दाराशी उभी होती. मी बसलो.