पंखावरचे नाव

१९७२ साली इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी मी सोलापूर सोडले. स्टेशनवर अव्वा आणि माझी बहीण शारदा आल्या होत्या. गाडी सुटली. अव्वाला मी नंतर पाहिले नाही.

अव्वा म्हणजे माझी आई. ती मैंदर्गीकडची, कानडी बोलणाऱ्या मुलखातली, म्हणून आम्हा दोघा भावंडांची ती अव्वाच. वडील गेल्यावर ती आम्हाला घेऊन सोलापूरजवळच्या कुंभारीला आली आणि बिड्या वळू लागली. पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कातरीने त्या मापात पान कापायचे, तंबाखू घालून वळायचे. माप चुकलेल्या बिड्या तपासनीस बाजूला टाकी. तंबाखूच्या धुळीने ती दिवसभर खोकायची.

स्टेशनवर ती म्हणाली, "इमानाची खिडकी उघडू नगंस, वारं लई लागतंय." शारदा हसली. "हसतीस काय गं? तू बसलीयास व्हय इमानात?" मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "काय बी काम कर. पर तंबाखूवर पोट भरू नगंस. आपल्या घरातलं त्ये माझ्यापाशी संपू दे." मी हो म्हणालो.

इंग्लंडमध्ये शिक्षण झाल्यावर शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या एका लहान कारखान्यात ड्रॉइंग काढायचे काम मिळाले. तिथे वारा हाच विषय होता. विमानाचा पंख उलटा बसवला की वारा गाडीला जमिनीवर दाबतो आणि ती वळणावर घसरत नाही. पंख किती उंच, किती रुंद, हे मात्र नियम ठरवत. शर्यतीआधी अधिकारी मापे घेऊन येत. एका वर्षी इंजिनाला हवा देणारी, ड्रायव्हरच्या डोक्यामागची उंच चिमणी नियमाने बंद झाली आणि माझे सहा महिन्यांचे काम गुंडाळून कपाटावर गेले. त्याचे फार वाईट वाटले नाही. ठरलेल्या मापात काम करणे मी घरी पाहिले होते.

मग जाहिरातीसाठी पैसे देणारी सिगारेटची एक कंपनी आली. गाडी तिच्या पाकिटाच्या रंगाची झाली. पंखाच्या टोकांना उभे पत्रे असतात. वाऱ्यासाठी ते पुरेसे होते, पण कंपनीचे नाव लांबून वाचता यावे म्हणून नियमाने चालेल तितके मी ते वाढवले. ते ड्रॉइंग माझे आहे. काम सोडता आले असते. सोडले नाही.

अव्वाने फोटो मागितला. एकाच फोटोत मी नीट आलो होतो, पंखावर डावा हात ठेवून. हाताखाली ते नाव होते. अव्वाला इंग्रजी येत नव्हते, पण शारदाला येत होते. मी कात्रीने हातासकट तेवढा भाग कापला आणि उरलेला फोटो पाठवला.

पुढच्या पत्रात शारदाने लिहिले, "अव्वा विचारते, सदऱ्याच्या गुंड्या तुझ्या तूच लावतोस ना?" मला गंमत वाटली. मी लिहिले, "इकडे चेनचे जाकीट घालतो. गुंड्या लावतो कोण!" पुढे अव्वाने विचारले नाही.

अव्वा गेल्याची तार आली. मी पोचलो तेव्हा दहावाही होऊन गेला होता. दारात शारदाने आधी माझा डावा हात धरला. मनगट, कोपर, सगळे चाचपले आणि मग ती रडू लागली.

अव्वाने फोटो हातात घेताच ओळखले होते. "ह्ये फाटलं न्हाय, कापलंय. पोराचा हात मशिनीत गेलाय बघ." शारदा थेट विचारू म्हणाली, तर तिला गप्प केले. "नगं. लपवतोय म्हंजे त्याला दुखतंय. सांगंल तवा सांगंल." दोन वर्षे ती वाट पाहत राहिली.

शारदाला मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "खरं कळलं असतं तर शिव्या दिल्या असत्या रं तिनं. पर झोपली तर असती."

जे घर सोडून दूर गेले त्यांना ठाऊक असेल, घरी आपण आपल्यातले बरे तेवढेच पाठवतो.

कुंभारीच्या घरात आता शारदा आणि तिचा नवरा राहतात. मी अजून त्याच कारखान्यात आहे.