घागरींच्या आवाजावर गाणारा सलीम

उदगीरहून सलीमच्या बायकोचा, नसरीनभाभींचा फोन आला तेव्हा मी लातुरात दुकान उघडत होतो. "सलीम गेले," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता सव्वा महिना झाला. लोक अजून विचारतात, तो डिस्को गाणारा सलीम ना, तुमच्या ऑर्केस्ट्रातला? मी हाव म्हणतो. पण डिस्को गाणारा सलीम फार आधी संपला होता. तो संपला त्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

ब्याऐंशी साल, लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. सलीम गायचा, मी अकॉर्डियन वाजवायचो; मला सगळे बसू म्हणत. त्याच्या कॅसेटी उदगीरपासून नांदेडपर्यंत हॉटेलांत वाजत. चकचकीत शर्ट घालून तो स्टेजवर आला की पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. त्याच सुमाराला दुष्काळ पडला. एका दुपारी कार्यक्रमाहून परतताना लातूरजवळच्या मुरुडला आमचा टेम्पो थांबला. टँकर यायचा होता. रांगेतल्या रिकाम्या घागरी एकमेकींना घासत होत्या, कुणी बाई कंटाळून बोटांनी घागर वाजवत होती. सलीमनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला.

"काय भरून राहिले ओ भाऊ त्या डब्यात?" एका बाईनं विचारलं.

"तुमचा आवाज, अक्का."

"आमचा कशाला? पाण्याचा भरा. ऐकून लई दिवस झाले."

सलीम हसला नाही. पुढे महिनाभर ती टेप ऐकत बसला आणि एक दिवस मला म्हणाला, "बसू, आता ड्रम नको. मागं ही टेप चालंल, तू एकच सूर धरायचा, मी गाईन." शब्द थोडेच होते, त्याच्या घरच्या दखनी उर्दूतले. चाल अशी नव्हतीच. आवाज कोरड्या आडात उतरल्यासारखा खाली खाली जायचा. मला ते कळलं नाही, पण ऐकताना अंगावर काटा आला.

नव्या जिल्ह्याच्या आनंदात लातूरला मोठा कार्यक्रम होता. संयोजकांनी दोनदा बजावलं होतं, नाचायची गाणी पाहिजेत. सलीमनं पहिलंच हे लावलं. आधी एक शिट्टी, मग "बंद कर", मग मागं खुर्ची आपटल्याचा आवाज. चारपाच जण स्टेजपर्यंत आले. त्यातल्या एकानं माइकची वायर धरली. सलीम डोळे मिटून गात होता... आणि माझी बोटं सरकली. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या डिस्को गाण्याची सुरुवात मी वाजवली. ड्रमरनं ती लगेच उचलली. लोक नाचायला लागले.

सलीमनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग ते गाणं पूर्ण गायलं, एक शब्द न चुकता. खाली उतरला, टेप काढून घेतली आणि उदगीरची एसटी धरली. पुन्हा कधी तो ऑर्केस्ट्रात आला नाही.

सहा वर्षं मी त्याला तोंड दाखवलं नाही. तो शिलाईचं दुकान चालवतो आणि शुक्रवारी दुपारी मागच्या खोलीत तसलंच गातो, असं कानावर येई. एकदा धीर करून गेलो. आठ-दहा माणसं सतरंजीवर बसली होती. गाणं संपल्यावर सलीमनं मला थांबवून घेतलं.

"त्या दिवशी घाबरला होतास?"

"हाव."

"मी बी घाबरलो होतो," तो म्हणाला. "चहा घेणार?"

एवढंच. मला माफ केलं की नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्यानंतर मी शुक्रवार सहसा चुकवला नाही.

परवाच्या शुक्रवारीही गेलो. भाभींनी खोली झाडून ठेवली होती. शाळेतले गुरुजी आले, धान्याच्या अडतीवरचे शिवप्पा आले, आणखी पाचसहा जण आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आम्ही नेहमीच्या जागी बसलो. गायला कुणीच नव्हतं. तास झाला, भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी कुणी उठलं नाही.