व्याह्यांना हवे होते चार पाय

माझ्या मुलीचं लग्न एका प्लास्टिकच्या यंत्राच्या पायांवर अडून राहिलं होतं, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी वाढवून सांगतो. खरं तर मी बरंच कमी करून सांगतो.

यंत्र म्हणजे खेळणंच. खोक्यावर भविष्यातल्या कुठल्याशा युद्धाचं चित्र होतं आणि त्यात दोन पायांवर चालणारं, घराएवढं उंच, बंदुका लावलेलं एक लढाऊ यंत्र. खोक्याच्या आत मात्र नुसत्या करड्या चौकटी, त्यांना अडकलेले बारके बारके भाग, आणि मला न येणाऱ्या भाषेतली सूचनांची घडी. भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर उंचीचं यंत्र तयार. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून घरी आल्यावर माझ्या वयाची माणसं हिंगोलीत फिरायला जातात, गुडघ्याला तेल लावतात. मी चष्म्यावर चष्मा चढवून हे करत बसायचो.

खोक्यावरच्या चित्राशी माझं यंत्र फार काळ जुळलं नाही. जे मोडलं, त्याला मी सुधारणा म्हणत गेलो. बंदुकीची नळी तुटली, तिथं बॉलपेनची रिफील बसवली. एरियल हरवलं, तिथं बायकोची केसाची पिन. धुराड्याच्या जागी सलाईनच्या नळीचा तुकडा. पायांना चिखल दिसावा म्हणून काळ्या रानातली माती चाळून गोंदात कालवली. गंजासाठी विटेची भुकटी आणि चिमूटभर हळद. हळदीची चिमूट बायकोला डब्यात लगेच दिसली. भविष्यातल्या युद्धाला आपल्या स्वयंपाकातली हळद का लागावी, एवढंच तिनं विचारलं.

मुलगी नांदेडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे. तिथंच तिची एका मुलाशी ओळख झाली. मुलगा डोंगरकड्याचा, बँकेत कामाला. दोघांचं आपसात ठरलेलं होतं. आता फक्त दोन्ही घरच्यांनी हो म्हणायचं बाकी होतं, आणि त्यासाठी मुलाचे आईवडील आमच्याकडे यायचे होते.

बायकोनं सकाळीच बजावलं की ते भूत पाहुण्यांच्या नजरेला पडता कामा नये. पण मी आदल्याच रात्री रंग दिला होता, तो ओला होता. यंत्र हलवलं तर बोटं उमटली असती. शेवटी बायकोनं माहेरहून आणलेलं, कोंबड्या झाकायचं डालं त्यावर पालथं घातलं आणि आम्ही निर्धास्त झालो.

मुलाचे आईवडील आले. वडील म्हणजे हळदीचा बागायतदार, अंगानं मजबूत, बोलणं मोकळं. मी त्यांना इथून पुढं व्याहीच म्हणतो, तेव्हा ते व्हायचे होते तरी. चहा घेताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या डाल्यावर गेली.

"गावरान हाय का?" असं म्हणत ते उठले आणि त्यांनी डालं उचललं.

आतून कोंबडीऐवजी लढाऊ यंत्र निघालं. बायको माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे. व्याह्यांनी मात्र गुडघ्यावर हात टेकले, वाकले, आणि यंत्राच्या भोवती एक पूर्ण फेरी मारली, बाजारात जनावर बघतात तशी. मग एका बोटानं हळूच ढकललं. यंत्र तोंडावर पडलं.

"पाय कमी हायेत," ते म्हणाले. "याला चार पाहिजेत."

मी म्हटलं, दोनच आहेत, ते तसंच असतं. ते म्हणाले, दोन पायांवर एवढं धड आपल्या काळ्या रानात कसं चालायचं, पावसाळ्यात तर मांडीपर्यंत रुतेल. मी म्हटलं, हे भविष्यातलं आहे. ते म्हणाले, भविष्यात काय चिखल राहणार न्हाई? यावर मी जे काही बोललो ते फार हुशारीचं नव्हतं, पण लांब होतं. पाहुणे पोहे खाऊन निघून गेले, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की मुलीचा विषय निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. घरात सगळे जागच्या जागी थांबले. त्यांनी विचारलं, चार पायांचा विचार केला का. मग ते दर एक-दोन दिवसाआड फोन करायला लागले. त्यांनी मला चिखलात अडकलेल्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ पाठवला, मी त्यांना एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याचा. त्यांनी लिहिलं, बगळ्याला बंदूक नसते. मी रात्रभर उत्तर शोधत राहिलो. फोन ठेवला की बायको विचारायची, "पोरीचं काय म्हणाले?" आणि मला दर वेळी सांगावं लागायचं की ते राहिलंच. डोंगरकड्यालाही हेच चाललं होतं, तिकडून विहीणबाई हाच प्रश्न विचारत होत्या.

मग एकदा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की यंत्र माझं आहे, पाय मी ठरवणार. व्याही म्हणाले, "साहेब, दोन पायांवरून इतका अडून बसणारा माणूस उद्या सोयरिकीत कसा वागंल, याचा मला इचार करावा लागंल." आणि फोन ठेवला.

रात्री मुलीचा फोन आला. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही, हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, तिकडं त्याचे पप्पा नाही म्हणायला लागले. खरंच." मला झोप लागली नाही. पण हेही खरं की झोप न लागण्यात एक हिस्सा यंत्राचाही होता. चार पाय दिले असते तर ते डुकरासारखं दिसलं असतं.

शेवटी बायकोचे मामा मध्ये पडले. मामा कळमनुरीचे. आजवर त्यांनी कितीतरी सोयरिकी जुळवल्या, आणि त्यांची रीत एकच. एका बाजूनं जास्त मागितलं, दुसरीनं कमी सांगितलं, की मामा मधला आकडा काढतात आणि दोन्ही बाजूंना मान्य करायला लावतात. त्यांच्या मधल्या आकड्यावरून कोणी उठून गेलं, असं झालेलं नाही.

रविवारी आमच्या घरी बैठक बसली. वंदना झाली. मामा पाठ ताठ करून बसले आणि म्हणाले, बोला, देण्याघेण्याचं काय. व्याही म्हणाले, आम्हाला काहीच नको. खर्चाचं विचारलं, तर आम्ही दोघंही एकदमच निम्मा निम्मा म्हणालो. हॉल हिंगोलीत, स्वयंपाकी डोंगरकड्याचा. सगळं इतक्या लवकर आटपलं की मामांचा चेहराच उतरला. मुद्दाम कळमनुरीहून आले, आणि मधला आकडा काढायला काही उरलंच नाही.

"मग राहिलं काय?" त्यांनी विचारलं.

"पाय," व्याही म्हणाले.

मामा परत ताठ झाले. त्यांनी दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. यंत्र बैठकीच्या मध्ये आणून ठेवायला सांगितलं. पोरीकडचे दोनवर, पोराकडचे चारवर, एवढं स्पष्ट झाल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा निकाल तयार होता.

"तीन."

मी म्हटलं, मामा, तीन पायांचं जगात काय असतं? मामा म्हणाले तिवई असते. मी म्हटलं तिवई उभी राहते, चालत नाही.

"मग हे कुठं चालून राहिलं, जावईबापू?"

लोक हसले. व्याही मात्र हसले नाहीत. तीन पाय त्यांनाही पसंत नव्हते, तिसरा पाय पुढं ठेवायचा की मागं इथपासून त्यांची शंका होती. मामांनी विचारलं, मान्य आहे का. मी यंत्राकडे बघत राहिलो. व्याहीही यंत्राकडेच. दोघांपैकी कोणी हो म्हणेना.

मुलगी दारात उभी होती. तिनं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"पप्पा, काका, तुम्ही आरामात ठरवा," ती म्हणाली. "आम्ही दोघं उद्या लग्न नोंदणीच्या ऑफिसात जाऊन सही करून येतो. हॉलमध्ये मग तुम्ही दोघं आणि हे यंत्र बसा."

आम्ही दोघं एकाच वेळी मान्य म्हणालो.

पण मामा अर्धं काम सोडणारे नव्हते. शब्द दिला तर आत्ताच पाय लागला पाहिजे, त्याशिवाय तोंड गोड करायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणून मी भरल्या बैठकीत माझा जुना दाढीचा रेझर आणला, त्याची मूठ कापली, घासली आणि टोकाला गोंद लावला. गोंद वाळेपर्यंत पाय घट्ट धरावा लागतो आणि धड हलता कामा नये. धड धरायला व्याही पुढं आले. आम्ही दोघं मांडीला मांडी लावून, एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड आणून, ते यंत्र धरून बसलो. लोक जरा वेळ बघत राहिले, मग कंटाळून अंगणात गेले.

हात अडकलेले. पायाचा विषय तर संपला होता. व्याह्यांनी घसा साफ केला.

"लेकराला तिखट चालतं का? आमच्याकडं जरा जास्तच असतं."

मी म्हटलं चालतं, पण भूक लागली की ती कोणाचंच ऐकत नाही, तेव्हा आधी वाढा, मग बोला. त्यांनी मान हलवली, हळूच, धड हलू नये म्हणून. मग म्हणाले, "आमचं पोरगं घोरतं. लई घोरतं. आधीच सांगून ठेवतो, मागून तकलीफ नको."

मी म्हटलं, ती लहानपणी ताप आला की माझा शर्ट धरून झोपायची, अजूनही आजारी पडली की चिडचिड करते, तर मनावर घेऊ नका. ते म्हणाले, आमच्या घरात पोरगी न्हाई, आम्हाला काही कळणार न्हाई, तुम्ही सांगत जा.

आतून बायकोनं हाक मारली की पेढे वाटायचे आहेत, झालं का तुमचं. गोंद केव्हाच वाळला होता. मी म्हटलं, अजून ओला आहे, थांबा जरा.