कुंदाच्या तळटीपा

कुंदा गेल्याचं मला माजी विद्यार्थ्यांच्या मोबाईल ग्रुपवर कळलं, तेही तिच्या पीएचडीच्या सरांच्या संदेशातून. ‘माझी लाडकी विद्यार्थिनी’ असं त्यांनी लिहिलं होतं, पुढे जोडलेले हात. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. महिना उलटला, राग तसाच आहे, आणि तो निवू नये अशीच माझी इच्छा आहे. सरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्यांच्या मेहनतीवर त्यांनी ते पुरेसं छापून घेतलंय.

कुंदा मौद्याजवळच्या खेड्यातली, तिची आई गावची सुईण. नागपुरात एमएला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी शाळेत शिकवायला लागले आणि ती सरांच्या मार्गदर्शनाखाली खेड्यांतल्या सुईणींवर पीएचडी करायला लागली. जुन्या मोपेडवरून गावोगाव हिंडायची. जिने जे सांगितलं, तिचं नाव आणि गाव पानाच्या खाली तळटीपेत. एखादीचं नाव विचारायचं राहिलं तर तेवढ्यासाठी परत जायची. मी वैतागायचे, ती ऐकायची नाही. स्वतःच्या आईचा उल्लेख मात्र तिने थेट मजकुरात केला होता, ‘ही रीत मला माझ्या आईने, मौद्याकडच्या सुईणीने, सांगितली.’ असं का, म्हणून विचारलं तर हसली. “मायले सगळ्याच्या खाली कशी बसवू वं?”

प्रकरणं तपासायला म्हणून सरांनी दोन वर्षं ठेवून घेतली. मग त्यांचं पुस्तक आलं. त्यानंतर कुंदाने प्रबंध दिला, तर तपासणीतून तो परत आला... सरांच्या पुस्तकाची नक्कल, असा शेरा. सरांनी तिला बोलावून सांगितलं, “कुंदा, जरा स्वतःच्या शब्दांत लिहायला शिक.” हे मला सांगताना ती रडली नाही, नुसती चहा ढवळत राहिली. तक्रार कर म्हटलं, तर म्हणाली, “त्याईची सही पाह्यजे ना मले. भांडून काय करू?” तोवर तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिसच्या खाटेवर पडून ती आपलाच प्रबंध बदलून लिहीत होती. चोर ठरून माझी मैत्रीण गेली, हे मी विसरणार नाही.

शोकसभेला मी ते पुस्तक घेऊनच गेले. सरांनी तळटीपा सगळ्या छाटल्या होत्या, पण वरचा मजकूर नीट वाचायचेही कष्ट घेतले नव्हते. ते कुंदाविषयी भरभरून बोलले आणि खाली बसले, तशी मी उठले आणि त्यांच्याच पुस्तकातलं ते आईचं वाक्य मोठ्याने वाचलं. सरांच्या आई जन्मभर नागपुरातल्या महाल भागात राहिल्या, हे तिथे बहुतेकांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेत कुंदाची आई बसली होती. ती सरांकडे वळून शांतपणे म्हणाली, “हे तं मी माह्या कुंदाले सांगतलं होतं. तुमची माय मी कवा झाली, साहेब?” सर पाण्याचा ग्लास शोधायला लागले. त्यांचा तेव्हाचा चेहरा मी मनात जपून ठेवलाय.

आता कुंदाच्या आईची, म्हणजे मावशीची, आणि माझी तक्रार विद्यापीठात आहे. परवा सरांचा निरोप आला, पुढच्या आवृत्तीत कुंदाचे आभार मानतो, मिटवून टाका. तो सांगायला मी गावी गेले. कुंदाच्या खोलीत तिची खुर्ची खिडकीकडेच वळवलेली आहे, मावशी ती हलवू देत नाही. तिने निरोप ऐकून घेतला. “आभार नोको,” म्हणाली, आणि माझ्या पिशवीतलं सरांचं पुस्तक काढून कुंदाच्या टेबलावर ठेवलं. “यातलं त्याचं नाव कोनतं? खोड.” मी खोडलं, इतकं दाबून की कव्हर फाटलं. वर कुंदाचं पूर्ण नाव लिहिलं. मला फार बरं वाटलं. मावशीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग म्हणाली, “अशे पुस्तकं अजून कुठं कुठं आहेत वं?”

मी तिला शहरातल्या ग्रंथालयांची नावं सांगायला लागले.