पुलाच्या अलीकडे

मयताच्या घरी आलेला माणूस आधी आत डोकावतो, हात जोडतो, 'कधी गेले?' म्हणून विचारतो. सोनूकाकांनी दारात चपला काढता काढता मला विचारलं, "जेवलास काय रे?"

घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या एका खोलीत माझे वडील जमिनीवर ठेवलेले होते. घरात मयत असताना चूल पेटत नाही, एवढंही या मालवणी माणसाला कळू नये याचा मला संताप आला. पण काका ऐकेनात. "उपाशी माणूस माझ्या गाडयेत बसाचो नाय. घाटात ओकतत, चक्कर येऊन पडतत. मग मी रस्तो बघू काय तुमका?" त्यांनी पिशवीतून पाव आणि केळी काढली. मी, चुलतभाऊ विलास आणि चाळीतले दोघे असे आम्ही गॅलरीत भिंतीकडे तोंड करून चोरासारखं खाल्लं. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी ते पाहून कपाळावर हात मारून घेतला.

काका दहिसरला, नाक्याच्या अलीकडे राहायचे. स्वतःची एक जुनी मॅटॅडोर होती. एरवी लग्नाची वऱ्हाडं आणि घरसामान वाहायचे, पण मुंबईत वारलेल्या माणसाला कोकणात न्यायचं म्हटलं की गावोगावची मंडळं त्यांनाच बोलवायची. बाकीचे ड्रायव्हर एक तर नाही म्हणत, नाही तर दारू पिऊन हो म्हणत.

वडिलांना गावी न्यायचं कारण एकच होतं, आई. वडील गिरणीत आणि आई गावच्या शेतावर. त्यांचा संसार गणपती आणि शिमगा एवढाच. 'घेऊन येतोय' अशी तार पुढे केली होती. तिला त्यांचं तोंड दिसावं, यापलीकडे मला काही नको होतं.

काकांनी गाडीत वडिलांभोवती बर्फ घातला, आणि रस्त्याला लागल्यावर त्यांचे एकेक नियम बाहेर यायला लागले. त्यांच्या शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही, बोलत राहायचं. गप्प झाला की मागे पाठवून दुसऱ्याला पुढे बोलवायचे. विलासला बिचाऱ्याला बोलायला काही सुचेना, तर त्याच्याकडून पाढे म्हणवून घेतले. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी प्यायचं नाही, म्हणून घरून उकळून आणलेल्या पाण्याचा डबा पायाशी ठेवलेला. घाट चढण्याआधी गाडी थांबवून, चाकामागे दगड लावून, ते स्वतः थोडा वेळ डोळे मिटून पडले. तेव्हा मात्र मी चिडलो. म्हटलं, "काका, बर्फ वितळतोय." डोळे न उघडता ते म्हणाले, "गेलेल्याक घाई नसता रे. घाई तुका नि माका."

गावाच्या अलीकडे नदी आहे. तिच्यावर तेव्हा बुटका, बिनकठड्याचा पूल होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि पुलावरून तांबडं पाणी वाहत होतं. पलीकडे अख्खी वाडी येऊन उभी होती. मधोमध दोन बायकांनी धरलेली आई.

काकांनी गाडी थांबवली, चावी काढली आणि खिशात टाकली.

"काका, गुडघाभर तर पाणी आहे!" विलास ओरडला. "एस्ट्या जातात यातून!"

"व्हावता पाणी आसा. गाडी उचलता ता. माका पुलाची कड दिसत नाय. मी घालूचंय नाय."

आम्ही हातापाया पडलो. शिव्या दिल्या. चालत न्यायचं ठरवून विलास कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला आणि पाच-सहा पावलांतच त्याचे पाय सुटले. काकांनी आणि आम्ही त्याला ओढून काढलं. तरी मी म्हणत होतो, गाडी जड आहे, गाडी जाईल. तेव्हा काकांनी माझा दंड धरला. "तुझ्या आवशीक एक मडां दाखवूक आणखी मडी करू काय रे?"

मग वाट पाहणं. पाणी उतरेना, बर्फ संपला. आम्ही मागचं दार उघडून वडिलांना उचलून धरलं, पण एवढ्या अंतरावरून तिला काय दिसणार होतं? पांढरं काहीतरी. मी "आई!" म्हणून हाक मारली, ती पाण्याच्या आवाजात गेली. शेवटी पलीकडून म्हाताऱ्यांनी हातवारे करून सांगितलं, तिकडेच उरका. अलीकडच्या वाडीने लाकडं दिली, वर पत्रे धरले. आईने धूर पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल उघडा पडला. काकांनी आम्हाला पलीकडे नेऊन सोडलं. आई त्यांच्याशी बोलली नाही. मला म्हणाली, "गाडी गेली असती." विलासचे पाय सुटताना तिनेही पाहिले होते. पण गाडी गेली नसती, हे खरं तर मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

त्यानंतर काका घाटकोपरला आले की माझ्याकडे डोकावायचे. "आवस काय म्हणता?" एवढंच विचारायचे. मी "बरी आहे" म्हणायचो आणि आम्ही चहा प्यायचो.

पुढे दम्यासाठी आईला मुंबईला आणलं, तेव्हा एकदा ते असेच आले. आई कॉटवर पडली होती. त्यांना पाहून तिने कूस बदलली. काका दारापाशीच स्टुलावर बसले. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच आईने विचारलं, "बर्फ तुम्ही घातलात ना? तोंड कसं होतं ह्यांचं?"

मी तिला कितीदा तरी सांगितलं होतं, झोपल्यासारखे, अगदी हसरे दिसत होते म्हणून.

काका म्हणाले, "दाढी थोडी वाढलेली. डावो डोळो जरा उघडो होतो, तो मी मिटवलंय. बर्फाचा पाणी कपाळार येत होता, ता पुसलंय."

"हसरं होतं?"

"नाय गे वैनी. दमलेले दिसत होते."

"हां," आई म्हणाली. "दमलेलेच असायचे ते. आले की दोन दिवस नुसते झोपायचे." आणि ती रडायला लागली. वडील गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. काका स्टुलावर खाली मान घालून बसून राहिले.